पंच्याहत्तर रुपयांचे सहा महिने

"काका, तुमचा पासपोर्ट चालणार नाही. संपलाय तो," फोनवरची मुलगी म्हणाली.

मी चष्मा लावला, पासपोर्ट उघडला आणि तारीख तिला वाचून दाखवली. २१ जून २०२५. समोर भिंतीवर कालनिर्णय लटकत होतं, त्यावर जानेवारी चालू होता. म्हणजे एकतर कालनिर्णय चुकत होतं किंवा ती मुलगी. पुण्यात पन्नास वर्षं काढलेल्या माणसाला अशा वेळी फार विचार करावा लागत नाही.

"जूनपर्यंत आहे की!"

"हो काका, पण सहा महिने लागतात."

"कुठे जायला?"

"सिंगापूरला."

"मुंबईहून सिंगापूरला साडेपाच तास लागतात. सहल सात दिवसांची आहे, तुमच्याच माहितीपत्रकात छापलंय. सहा महिने कशाला लागतात?"

"शिल्लक लागतात, काका. १० फेब्रुवारीला निघताना तुमच्या पासपोर्टात चार महिने अकरा दिवसच उरतात. सहा महिने शिल्लक असल्याशिवाय विमानात बसूच देत नाहीत."

मी चौतीस वर्षं बँकेत काढली. त्यामुळे ती काय म्हणते ते मला इतर कुणाहीपेक्षा लवकर कळलं आणि इतर कुणाहीपेक्षा जास्त झोंबलं. मिनिमम बॅलन्स! पैसे आपले, पासबुक आपलं, आकडा आपल्याच नावावर. फक्त त्याला हात लावायचा नाही. खिडकीपलीकडच्या माणसाला हे समजावून सांगताना माझा आवाज जसा गोड व्हायचा, अगदी तसाच आत्ता त्या मुलीचा झाला होता. त्या गोड आवाजाने समोरच्याच्या अंगाचा कसा तिळपापड होतो, हे मला निवृत्तीनंतर सहा वर्षांनी समजलं.

फोन ठेवला आणि डिसेंबरच्या पानामागे हिशेब मांडला. छत्तीस पानी पासपोर्टाचे २०१५ साली मी १५०० रुपये भरले. दहा वर्षं म्हणजे एकशेवीस महिने. महिन्याला साडेबारा रुपये पडले. सहा महिन्यांचे झाले पंच्याहत्तर. म्हणजे माझ्याकडून दहा वर्षांचे पैसे घेतले आणि वापरायला दिली साडेनऊ वर्षं. पंच्याहत्तर रुपयांत हल्ली धड मिसळसुद्धा येत नाही हे मला मान्य आहे. पण प्रश्न पंच्याहत्तर रुपयांचा नसून तत्त्वाचा आहे, असं म्हणणाऱ्या माणसाचा प्रश्न नेहमी नेमक्या रकमेचाच असतो, आणि माझाही तोच होता.

"परवा ओव्याची पुरचुंडी फेकायला काढली तेव्हा कोण भांडत होतं?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

हा वार वर्मी होता. घरातल्या वस्तूंवरच्या तारखेबद्दल माझी काही ठाम मतं आहेत. पाकिटावरची तारीख ही कंपनीला वाटणारी काळजी असते, आपल्या पोटाला वाटणारी नव्हे. मेतकूट, सुपारी, खोकल्याचं औषध, या गोष्टी तारखेनंतर सहा महिने सहज चालतात आणि मी त्या चालवलेल्या आहेत. आता पासपोर्ट तारखेआधी सहा महिने बंद पडतो म्हटल्यावर सरासरी काढली, तर आमचं घर आणि सिंगापूर सरकार मिळून बरोबर तारखेवर येतो. पण अशी सरासरी विमानतळावर कुणी धरत नाही.

खरं तर माझ्या लेकीने मला वर्षभर आधीच बजावलं होतं. ती एंडहोवनला असते. "बाबा, एक वर्ष उरलं की अर्ज करता येतो, करून टाका." मी चौकशी केली आणि मला कळलं की अर्ज वर्षभर आधी करता येतो हे खरं, पण जुन्या पासपोर्टातलं उरलेलं वर्ष नव्यात जमा होत नाही. नवी दहा वर्षं नव्या तारखेपासून सुरू. म्हणजे बारा महिन्यांचे दीडशे रुपये पाण्यात. मुदत ठेव मुदतीआधी मोडली तर बँकसुद्धा थोडंफार व्याज देते हो! इंग्रज लोक या बाबतीत बरे होते. त्यांच्याकडे जुन्या पासपोर्टातले उरलेले महिने नव्यात धरत, जास्तीत जास्त नऊ. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनीही ते बंद केलं. एखादी चांगली पद्धत मला कळते तेव्हा ती नुकतीच बंद झालेली असते, हा माझा नेहमीचा अनुभव.

तेव्हा चूक माझीच होती. तरीही मी त्या मुलीला पुन्हा फोन केला आणि हा नियम लेखी कुठे आहे, असं विचारलं. तिने शांतपणे सगळं सांगितलं. विमान कंपन्यांकडे टिमॅटिक नावाची एक यादी असते. कुठल्या देशाच्या माणसाला कुठल्या देशात जाताना कोणती कागदपत्रं आणि किती मुदत लागते, ते सगळं तीत असतं. काउंटरवरची मुलगी त्यात बघते आणि बोर्डिंग पास देते किंवा देत नाही. कारण कागद कमी असलेला माणूस नेऊन उतरवला, तर त्याला परत आणायचा खर्च विमान कंपनीच्या बोकांडी बसतो, वर दंडही होऊ शकतो. आणि सहाच महिने का, तर आलेला पाहुणा आजारी पडला, पाय मोडून बसला, तर त्याच्या मुक्कामातच त्याचा पासपोर्ट मरू नये. मेलेल्या पासपोर्टाचा माणूस घरी पाठवता येत नाही आणि ठेवूनही घेता येत नाही. पाहुण्यांच्या बाबतीत इतका लांबचा विचार करणारा देश फक्त पुणेकरांनीच वसवलेला असणार असं मला वाटलं होतं. सिंगापूरकरांबद्दल त्या दिवसापासून आदर वाढला.

बरं, प्रत्येकाची रीत वेगळी. सिंगापूर, मलेशिया, थायलंड सहा महिने मागतात. लेकीकडे जायचं तर युरोपातले शेंगेनवाले तिथून परत निघण्याच्या दिवसापुढे तीन महिने मागतात, शिवाय पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. अमेरिका त्यातल्या त्यात सैल. तिने ज्या देशांना सहा महिन्यांची अट माफ केली आहे त्यांच्या यादीत भारत आहे, त्यामुळे आपल्याला मुक्कामापुरता पासपोर्ट चालतो. सगळ्या व्याह्यांचे मानपान सारखे नसतात तसंच हे. आणि या सगळ्यांवर तोंडसुख घेण्याची सोय नाही, कारण ई-व्हिसावर आपल्याकडे येणाऱ्या परदेशी माणसाकडून आपणही सहा महिनेच मागतो.

बँकेत मी हेच केलं नव्हतं का? पूर्वी चेक सहा महिने चालायचा. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२ पासून तो तीन महिन्यांवर आणला. त्यानंतरच्या महिन्यांत मी किती म्हाताऱ्यांचे चेक परत केले असतील! एक गृहस्थ तर म्हणाले होते, "चेकवर कुठे लिहिलंय तीन महिने?" मी म्हणालो, "कुठे लिहिलेलं नाही, पण नियम आहे." ते गृहस्थ आता कुठे असतील ते असोत. त्यांना कळवायला हवं होतं.

हिच्या पासपोर्टाला मात्र काही झालेलं नव्हतं. तो २०१९ चा, २०२९ पर्यंत धडधडीत जिवंत. कारण तो बाळंतपणाचा पासपोर्ट आहे. आमच्या पिढीतल्या बायकांनी पासपोर्ट काढले ते जग बघायला नाही, लेकी-सुनांची बाळंतपणं करायला. त्यांची मुदत परराष्ट्रखात्याच्या नव्हे, डॉक्टरांच्या तारखेवर ठरते. पोटात चौथा महिना लागला की इकडे आजीचा फॉर्म भरला जातो. दहा वर्षांत दोन बाळंतपणं आणि एक मुंज आरामात बसते, मग पुस्तक मिटतं. आमच्या हिच्या पासपोर्टात पर्यटनाचा एकही शिक्का नाही. जे आहेत ते सगळे डिंकाच्या लाडवांचे. ॲमस्टरडॅमला कस्टमवाल्याने डबा उघडायला लावला तेव्हा हिने त्याला एक लाडू देऊ केला होता. त्याने घेतला नाही, पण शिक्का लगेच मिळाला, असं ही सांगते. शिक्का देणारा अधिकारी वेगळा आणि डबा बघणारा वेगळा, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

नातवाची तऱ्हा आणखी वेगळी. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा, किंवा वय अठरा होईपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. पंधरा ते अठरा वयात मागितला तर दहा वर्षांचाही मिळतो. सरकारला ठाऊक आहे की मुलांचे चेहरे बदलतात. तरी पाच वर्षं म्हणजे काही कमी नाहीत. नातवाचा फोटो पंचवीस दिवसांचा असताना काढलेला, डोळे मिटलेले, टाळूवर चार केस. तो साडेचार वर्षांचा असताना सुट्टीत आला, तेव्हा मुंबईच्या विमानतळावर अधिकाऱ्याने एकदा फोटोकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे पाहून मान हलवली. फोटोत आणि माझ्यात साम्य होतं. टाळूपुरतं.

सरकारचा लहान मुलं आणि म्हातारे यांच्याकडे बघण्याचा दृष्टिकोन एकच आहे, हे या निमित्ताने ध्यानात आलं. जून २०१७ मध्ये सुषमा स्वराज यांनी पासपोर्टाच्या शुल्कात दहा टक्के सवलत जाहीर केली, ती कुणाला? आठ वर्षांखालच्यांना आणि साठीवरच्यांना. नेपाळ-भूतानला पासपोर्टावाचून, आधार कार्डावर जाता येतं, ते कुणाला? पंधराच्या आतल्यांना आणि पासष्टीच्या पुढच्यांना. मधल्या लोकांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवावं. हे वाचल्यावर "आपण नेपाळला जाऊ या का?" असं मी हिला विचारलं. माझ्या सहासष्ट वयाचा एवढा फायदा प्रथमच दिसत होता.

"सिंगापूरचे पैसे भरलेत," ही म्हणाली. विषय संपला.

पासपोर्टाला मराठीत पारपत्र म्हणतात, म्हणजे कुणीच म्हणत नाही, पण शब्द आहे. एक वेलांटी आणि एक अक्षर चुकलं तर पारिपत्य होतं. त्याआधीचा आपला शब्द होता राहदारी परवाना, आणि त्याहून जुना दस्तक. १६६६ साली आग्र्यात शिवाजी महाराजांनी आपली माणसं दक्षिणेत परत धाडण्यासाठी बादशहाकडून दस्तकं मिळवली. स्वतः मात्र दस्तकाची वाट बघत बसले नाहीत. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. कशाला जाता, जातीचं काय, धर्माचं काय, असे प्रश्न इतके आले की कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरच्या कॉलेजात उभं राहून त्यांना भाषणात उत्तरं द्यावी लागली. पण पासपोर्टाची मुदत कुणी विचारली नाही, कारण तो दाखवल्याशिवाय उतरू द्यायचं नाही ही पद्धतच तेव्हा अमेरिकेत नव्हती. मग पहिलं महायुद्ध झालं आणि सगळ्यांना सगळ्यांचा संशय येऊ लागला. १९२० साली पॅरिसला राष्ट्रसंघाच्या परिषदेत पासपोर्टाच्या पुस्तिकेचा बत्तीस पानी नमुना ठरला. त्याच वर्षी हिंदुस्थानात येणाऱ्यांसाठी पासपोर्टाचा कायदा झाला. जाणाऱ्यांसाठी मात्र १९६७ पर्यंत धड कायदाच नव्हता. कुणाला पासपोर्ट द्यायचा ते सरकारची मर्जी ठरवी. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बोट ठेवलं, आणि मग जून १९६७ मध्ये कायदा आला.

मुदतीच्या बाबतीत आमच्या घराण्यातला खरा हुतात्मा म्हणजे माझा मेव्हणा. सांगलीचा. त्याचा पासपोर्ट १९९७ चा, हाताने लिहिलेला आणि मुदत वीस वर्षं! तशी पद्धत मध्यंतरी होती. वीस वर्षांच्या पासपोर्टवाल्याने दहा वर्षांवाल्यांकडे जसं बघावं, तसाच तो आम्हा सर्वांकडे बघायचा. लग्नकार्यात विषय नसताना काढायचा. "आमचं काय बाबा, थेट २०१७!" अक्षर इतकं वळणदार की कारकुनाने पासपोर्ट भरला नसून लग्नपत्रिका लिहिली असावी. पण आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवलं की २४ नोव्हेंबर २०१५ नंतर यंत्राला वाचता न येणारे पासपोर्ट चालणार नाहीत. यंत्राला मोडी येत नाही तसं शाईचं वळणही येत नाही. मेव्हण्याची दीड-दोन वर्षं बुडाली. तो म्हणाला, "मुदत आहे, पण मान नाही." ती ओळ तो अजून स्वतःच्या निवृत्तीबद्दलही वापरतो.

तर आता मला नवा पासपोर्ट हवा होता, आणि तोही तत्काळ. तत्काळचे दोन हजार जादा. पंच्याहत्तर रुपयांच्या हिशेबाचा कागद तेव्हा मी घडी घालून खिशात ठेवला, पण ही विसरली नव्हती. "पंच्याहत्तर वाचवले ना? मग आता एक हजार नऊशे पंचवीसच जास्त गेले," असं तिने समजुतीच्या सुरात सांगितलं. वजाबाकी बरोबर होती, म्हणून गप्प बसलो.

पण खरी गंमत पत्त्यात होती. आमची सोसायटी कोथरूडला, १९८४ ची. पुनर्विकासाला गेली. इमारत पाडून दीड वर्ष झालं होतं. जागेवर एक खड्डा होता, त्यात पावसाळ्यात बेडूक आणि उन्हाळ्यात बिल्डरचा बोर्ड. पासपोर्टावर मात्र आमचा दुसरा मजला, फ्लॅट नंबर सात, शाबूत. इमारतीची मुदत पासपोर्टाआधी संपेल अशी सरकारची कल्पना नसावी. आम्ही राहत होतो कर्वेनगरला भाड्याच्या जागेत, अकरा महिन्यांच्या करारावर. तेव्हा नव्या पासपोर्टावर हाच पत्ता येणार. दहा वर्षं टिकणाऱ्या पुस्तकावर अकरा महिन्यांचा पत्ता!

मुंढव्याचं पासपोर्ट सेवा केंद्र कर्वेनगरहून इतकं दूर आहे की तिथे पोचलो तेव्हा हिने सवयीने "पोचलो" असा लेकीला निरोप टाकला. आत मात्र बँकवाल्याला हेवा वाटावा असा कारभार. टोकन, पडद्यावर आकडे, आणि ए, बी, सी अशा तीन फेऱ्या. पूर्वीचे दिवस आठवणाऱ्यांना हे खरं वाटत नाही. नोटरी, शपथपत्रं, एजंट, "दोन महिन्यांनी बघा" हे सगळं आमच्या पहिल्या पासपोर्टाच्या वेळी आम्ही भोगलेलं. पुढे आपले ज्ञानेश्वर मुळे परराष्ट्र मंत्रालयात सचिव असताना तर पोस्टाच्या कचेऱ्यांतही पासपोर्ट केंद्रं निघाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटचा माणूस. सांगलीचा मेव्हणा त्यांना जवळजवळ नातेवाईकच मानतो.

ए काउंटरवर एका चुणचुणीत मुलाने माझे कागद स्कॅन केले, फोटो काढला ("काका, हसू नका." हसत नव्हतो, तो माझा चेहरा आहे) आणि बोटं काचेवर ठेवायला सांगितली. उजवा अंगठा उमटेना. त्याने काच पुसली. उमटेना. माझा अंगठा रुमालाने पुसला. उमटेना. मग त्याने माझ्या बोटावर स्वतःचं बोट फिरवून पाहिलं आणि विचारलं, "काका, तुम्ही काय करत होता?" म्हटलं, "कॅशियर होतो." चौतीस वर्षं नोटा मोजून अंगठ्यावरच्या रेषा लोकांच्या गड्ड्यांना लागून गेल्या होत्या. शेवटी कपाळाच्या घामाचा थोडा अंश अंगठ्याला लावून दाबला, तेव्हा यंत्राने मला ओळखलं.

बी काउंटरला सरकारी बाई होत्या.

"हा जुना पत्ता?"

"पाडला."

"आणि हा?"

"भाड्याचा. अकरा महिन्यांचा."

"कायमचा पत्ता कुठला मग?"

"बिल्डर सांगेल."

बाईंनी मान वर केली. माझी खात्री आहे की त्यांचीही सोसायटी पुनर्विकासाला गेलेली होती, कारण त्यानंतर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. फक्त "रजिस्टर्ड करार आहे ना?" असं विचारलं आणि सहानुभूतीने पुढे पाठवलं.

सी काउंटरवर जुन्या पासपोर्टावर रद्दचा शिक्का बसला. बघवलं नाही. पण आत अमेरिकेचा व्हिसा होता, २०२८ पर्यंतचा, आणि तो जिवंत राहणार होता! पासपोर्ट मेला तरी त्यातला व्हिसा मरत नाही. दोन्ही पुस्तकं एकत्र बाळगायची. हे ऐकून सगळ्यांना नवल वाटतं, मला नाही वाटलं. मी पेठेत वाढलो. मालक गेला, वाडा कलला, तरी भाडेकरू हलत नाही, हे आम्ही लहानपणापासून बघत आलोय.

आठवड्याच्या आत स्पीड पोस्टाने नवा पासपोर्ट आला. बाणेर-पाषाण लिंक रोडच्या पासपोर्ट भवनातून कर्वेनगरला यायला त्याला आम्हाला मुंढव्याहून परत यायला लागला त्यापेक्षा फार जास्त वेळ लागला असं म्हणवत नाही. कोरी पुस्तिका नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली, म्हणजे मूळ माल आपलाच. शेवटची तारीख जानेवारी २०३५. मी तेव्हा शहात्तर वर्षांचा असेन. विम्यावाल्यांनी मला इतक्या विश्वासाने एवढी मुदत कधी दिली नव्हती. हिने मात्र लगेच कालनिर्णयाच्या मागे लिहून ठेवलं: जुलै २०३४.

तत्काळमध्ये पोलिस पडताळणी नंतर होते. हवालदारांचा फोन आला तेव्हा आम्ही सहलीच्या बॅगा भरत होतो. ते आले, टेबलावर टॅब ठेवला, कागद पाहिले आणि म्हणाले, "ओळख सांगणारे दोन शेजारी लागतील." भाड्याच्या घरात दीड वर्षात ओळख किती होणार? एक तळमजल्यावरचे आप्पा, पार्किंगवरून ज्यांच्याशी तीन महिने बोलणं बंद होतं. गेलो. आप्पांनी दार किलकिलं केलं, हवालदारांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावर आशा उजळली. पकडून नेत नाहीत, पासपोर्टाचं काम आहे, हे कळल्यावर ती मावळली. तरीही "सज्जन माणूस आहे, फक्त गाडी तिरकी लावतो," अशी त्यांनी जबानी दिली. हवालदारांनी पूर्वार्ध तेवढा टिपला.

सिंगापुरात उतरल्यावर पासपोर्ट यंत्रावर ठेवला, फाटक उघडलं, संपलं. कुणी तारीख विचारली नाही, महिने मोजले नाहीत, माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. ज्या सहा महिन्यांसाठी एवढं रामायण झालं, ते मोजले होते मुंबईच्या काउंटरवर एका मुलीने, च्युइंगगम चघळत, दीड सेकंदात.

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पा वर आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कापडात, कापड रबरबँडात असं काहीतरी होतं. उलगडलं तर पासपोर्ट. निळा, कोरा करकरीत, सोनेरी सिंह लखलखताहेत. मुदत २०१९ ला संपलेली. मी पानं उलटली. एकही शिक्का नाही, एकही व्हिसा नाही.

"कुठे गेला नाहीत?"

"छे! काढून ठेवला होता. असावा घरात." मग खुर्ची पुढे ओढून खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही नुकतंच सगळं केलंय, तुम्हाला माहीत असेल. मी हा एक दिवससुद्धा वापरलेला नाही. मग ती दहा वर्षं धरायची कशाला? तशीच पुढे ओढून नाही देणार?"

मी सांगितलं, तसं होत नाही. मुदत संपून तीन वर्षांहून जास्त झालीत, आता नव्याने सगळं. पंधराशे रुपये.

आप्पा बराच वेळ पासपोर्टाकडे बघत राहिले.

"छत्तीस पानांचे पंधराशे?"

"हो. साठ पानांचे दोन हजार."

"मग असं करता येईल का," आप्पांनी पासपोर्ट उभा धरून त्याची शिवण उजेडात निरखली, "ही छत्तीस कोरीच आहेत. नव्याचं नुसतं कव्हर घ्यायचं, आणि पानं हीच बसवायची. कितीला पडेल?"

मी त्यांना मुंढव्याचा पत्ता लिहून दिला.